एका यार्डाची कैफियत

अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात पायाचा संबंध इतका अल्प आणि हुकुमांचा संबंध इतका निकट आहे, की ज्याने उमेदीची सारी वर्षे कलेक्टर कचेरीत आलेले हुकूम नोंदविण्यात, त्यांची तामिली करण्यात आणि चुकीचे ठरलेले हुकूम सन्मानपूर्वक मागे घेण्यात घालविली, अशा माझ्यासारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनाला तो खेळ प्रथमदर्शनीच आपला वाटावा, यात नवल ते काय? चिरंजीव सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यू गावी संगणकाच्या व्यवसायात असल्यामुळे हिवाळ्यात तिकडे राहण्याचा योग येतो. तिथला हिवाळा म्हणजे दुपारी साडेचारला मावळणारा सूर्य आणि ज्याला ना जोर ना अंत असा पाऊस. अशा हवेत, रविवारी दिवाणखान्यात बसून सीहॉक्स या तिथल्या संघाचे सामने पाहणे हे माझे नित्यकर्म झाले, आणि अल्पावधीतच त्या नित्यकर्माला तक्रारीचे स्वरूप प्राप्त झाले.

या खेळाची घटना थोडक्यात अशी. चेंडू ज्या पक्षाच्या ताब्यात आहे त्याने चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मंजूर, नाही तर ताबा प्रतिपक्षाकडे वर्ग. प्रत्येक प्रयत्नापूर्वी हुकूम सुटतो, आणि दोन प्रयत्नांमध्ये मुदत असते सामान्यतः 40 सेकंदांची. हुकूम सोडणाऱ्या अधिकाऱ्यास आक्रमणाचा कोऑर्डिनेटर म्हणतात. तो मैदानाच्या कडेला तरी उभा असतो, नाही तर प्रेक्षकांच्याही वर काचेच्या खोलीत बसलेला असतो. त्याच्या हातात प्लास्टिकने मढविलेला, पंचांगाहून बारीक अक्षरांत छापलेला तक्ता असतो. त्यातला एक योग निवडून तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालविणाऱ्या खेळाडूच्या, शिरस्त्राणातील ध्वनियंत्रात सांगावयाचा, आणि घड्याळात 15 सेकंद उरले की हे संभाषण आपोआप खंडित होते. कित्येकदा हुकूम सांगताना हे महाशय तोच तक्ता तोंडासमोर धरतात, कारण प्रतिपक्षाने ओठांवरून मजकूर ओळखू नये. आमच्या कचेरीत गोपनीय अहवालसुद्धा इतक्या बंदोबस्तात कधी गेले नाहीत. ते आधी शिपायाला ठाऊक असत, मग साहेबांना.

पूर्वी असा केंद्रीय कारभार नव्हता. जॉनी युनायटससारखे क्वार्टरबॅक मैदानावरच, घोळक्यात वाकून, स्वतःच्या अकलेने पुढची चाल ठरवीत. क्लीव्हलंडचे पॉल ब्राऊन यांना हे स्थानिक स्वराज्य रुचले नाही. प्रथम त्यांनी दोन खेळाडू जासुदांसारखे आळीपाळीने निरोप घेऊन आत पाठविण्याची पद्धत सुरू केली, आणि 1956 साली तर क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओच बसविला. लीगने तो लगोलग मना केला. ती मनाई उठून शिरस्त्राणातल्या ध्वनियंत्राला रीतसर मंजुरी मिळण्यास 1994 साल उजाडावे लागले. म्हणजे एका सुधारणेचा कागद तब्बल अडतीस वर्षे दप्तरात पडून होता. हे वाचले आणि अमेरिकेविषयीचा माझा परकेपणा बराचसा गळून पडला.

आता प्रेक्षकाची बाजू. जगात बहुतेक अधिकाऱ्यांचे हुकूम वर्षअखेर तपासले जातात, तेही लेखापरीक्षकाला चहापान घडवून. या बिचाऱ्या कोऑर्डिनेटरचा प्रत्येक हुकूम मात्र, पुरता अमलात येण्याच्या आतच, स्टेडियममधील सुमारे सत्तर हजार आणि घरोघरचे असंख्य लेखापरीक्षक एकाच वेळी तपासतात आणि तोंडी, मोठ्याने, बहुधा त्याच्या मातुःश्रींच्या उल्लेखासह शेरा मारतात. पहिल्या डाऊनला चेंडू धावपटूच्या हाती देऊन त्याला माणसांच्या भिंतीवर सोडला, शेरा तयार. दुसऱ्याला तेच केले, शेरा अधोरेखित. तिसऱ्या डाऊनला नऊ यार्ड हवे असताना पाच यार्डांवरच्या माणसाकडे चेंडू फेकला, की चिरंजीव सोफ्यावरून उठून उभे राहतात, आणि चौथ्या डाऊनला पंट, म्हणजे लाथेने चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली, हे दृश्य आले की मीही उठतो. या शेवटच्या तक्रारीत आम्हांला विद्वानांचा पाठिंबा आहे, हे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. बर्कली विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, चौथ्या डाऊनला संघ वाजवीपेक्षा फार वेळा चेंडू लाथाडून मोकळे होतात, जोखीम घेण्याऐवजी बचावाचा मार्ग धरतात, असे साधार दाखविले. हा निष्कर्ष मी निबंध न वाचताही काढलेला होता. फक्त रोमर यांच्यापाशी आकडे होते आणि माझ्यापाशी आवाज.

हे सारे किरकोळ. ज्या प्रकरणाने माझ्या तक्रारवहीला खरी प्रतिष्ठा आली, ते 1 फेब्रुवारी 2015 चे.

सुपर बाउलचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याचा, तो रविवार. सामना अ‍ॅरिझोनात ग्लेंडेल येथे, प्रतिपक्ष न्यू इंग्लंड पेट्रियट्स. आदल्याच वर्षी डेन्व्हरचा 43–8 असा धुव्वा उडवून सीहॉक्सने अजिंक्यपद मिळविले होते, तेव्हा चिरंजीवांच्या घरी जमलेल्या मराठी मंडळींना दुसरे पद वारसाहक्काने मिळणार असल्याची खात्री होती. स्वयंपाकघरात बटाटेवडे तळले जात होते. आमच्या सौभाग्यवतींना या खेळातले एकच नाव ठाऊक होते, सीहॉक्सचा धावपटू मार्शॉन लिंच. कारण लहानपणी सामन्याआधी त्याची आई त्याच्या हातावर रंगीत गोळ्या ठेवी आणि पुढे कीर्तिमान झाल्यावरही तो मैदानाच्या कडेला त्या खात असे, ही कथा सूनबाईंनी त्यांना सांगितली होती. हा तोच लिंच, ज्याच्या 8 जानेवारी 2011 च्या 67 यार्डांच्या धावेने प्रेक्षक असे उसळले, की स्टेडियमजवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली. मला तो आवडे निराळ्याच कारणाने. त्या सुपर बाउलपूर्वी वार्ताहरांपुढे येणे त्याला नियमाने भाग होते. तो आला, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याने, आपण केवळ दंड चुकविण्यापुरते हजर आहोत, अशा अर्थाचे एकच उत्तर अखेरपर्यंत दिले. खातेनिहाय चौकशीत इतका निष्णात साक्षीदार मी पाहिला नाही.

चौथ्या सत्रात 24–14 अशी आघाडी असलेला सीहॉक्स संघ, दोन मिनिटे उरली असताना 24–28 असा मागे पडला होता. तेवढ्यात आमच्या जर्मेन कर्स याने उताणे पडल्या पडल्या, पायावर, हातावर नाचणारा चेंडू असा काही झेलला, की कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी चटणीचे भांडे हवेत उडविले. चेंडू गोलरेषेपासून पाच यार्डांवर आला. पुढच्या डाऊनला लिंचने चार यार्ड तोडले. राहिला एक यार्ड. म्हणजे एका सतरंजीच्याही निम्म्याने. दुसरा डाऊन, तिसरा-चौथाही शिल्लक, एक टाइम-आउट, म्हणजे घड्याळ थांबविण्याची सवलत, गाठीशी. सौभाग्यवती झारा हातात घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, “अहो, मग त्या गोळ्यावाल्या मुलाला द्या ना!”

अकरा खेळाडू, प्रशिक्षकांचा ताफा, एवढ्या मंडळींत हा अभिप्राय कोणाच्याही डोक्यात नसावा असे नाही. परंतु हुकूम सुटला तो पासचा. घड्याळात 26 सेकंद असताना चाल सुरू झाली, आमचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याने उजवीकडे रिकार्डो लॉकेटच्या दिशेने चेंडू फेकला, आणि ज्याला कोणत्याही संघाने रीतसर निवडीत घेतले नव्हते असा पहिल्याच वर्षाचा माल्कम बटलर मध्ये घुसून तो घेऊन गेला. दिवाणखान्यात जी शांतता पसरली, तिच्यात झाऱ्यावरून फरशीवर पडलेल्या तेलाच्या थेंबाकडे सूनबाईंचेसुद्धा लक्ष गेले नाही. मग नागपूरचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, “वडा करपला वाटते.” तो खरोखरच करपला होता.

आता न्यायबुद्धीने प्रतिपक्षाची, अर्थात आमच्याच संघाची, कैफियतही नोंदविली पाहिजे. मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि कारणमीमांसा अशी दिली, की समोर गोलरेषेवर अडविण्यासाठी धिप्पाड माणसांची फळी उभी होती. तिच्यावर धावण्याऐवजी एक पास टाकावा, चुकला तर चेंडू जमिनीवर पडून घड्याळ थांबेल, आणि उरलेल्या दोन डाऊनना धावता येईल. हिशेब वाटतो तितका वेडगळ नाही. एकच टाइम-आउट हाती असताना तिन्ही प्रयत्न पदरात पाडून घ्यावयाचे तर त्यांतला एखादा पास असणे क्रमप्राप्तच होते. शिवाय त्या मोसमात लिंचला एका यार्डावरून पाच वेळा चेंडू दिला गेला होता आणि गोलरेषा ओलांडता आली होती एकदाच. तिकडे बटलर सरावात नेमक्या याच चालीला फसला होता आणि त्याने ती मनात पक्की करून ठेवली होती. म्हणजे एका चांगल्या विद्यार्थ्याने अपेक्षित प्रश्न पाठ केला आणि तोच परीक्षेत आला, यापलीकडे फारसे काही घडले नाही. हे सर्व मी सौभाग्यवतींना आकडेवारीसह समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, “बरं. पण द्यायला काय झालं होतं?” आणि सिअ‍ॅटल शहराचे त्या विषयावरील मत आजतागायत याहून पुढे सरकलेले नाही.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट होती: धाव. दैवाची लीला पाहा. त्या रात्रीच्या आक्रमणाचे कोऑर्डिनेटर डॅरेल बेव्हेल 2018 च्या जानेवारीत पायउतार झाले, ब्रायन शॉटनहायमर आले, आणि संघ धावू लागला. इतका धावू लागला, की 5 जानेवारी 2019 रोजी डॅलसविरुद्धच्या बाद सामन्यात पहिल्या दोन डाऊनना वाट बंद असल्याचे दिसत असूनही तीच वाट पुनःपुन्हा ठोठावण्यात आली, आणि 24–22 असा पराभव पदरी आला. विल्सनसारखा फेकणारा उभा असताना त्याच्या हातातला चेंडू दुसऱ्याच्या पोटात खुपसण्याचे हे धोरण पाहून मी ओरडलो, “अरे, पास टाका!” सौभाग्यवतींनी विणकामातून मान वर करून माझ्याकडे जे पाहिले, त्याचा मी लेखी खुलासा करू शकतो. माझ्या भूमिकेत यत्किंचितही विसंगती नाही. दोन्ही वेळी, जो हुकूम सोडला गेला नाही, तो योग्य होता.

पुढे तर सगळे शहरच माझ्या मताला आले, आणि 2020 च्या मोसमात ‘लेट रस कुक’ अशी घोषणा झाली. रसेलला चुलीपाशी मोकळीक द्या, असा तिचा आशय. महामारीमुळे आम्ही साताऱ्यातच अडकलो होतो, तेव्हा मध्यरात्रीनंतर उठून, शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून ओरडावे लागे. रसेलने 40 टचडाऊन पास, म्हणजे गोलरेषेपार पोहोचलेले पास, टाकून संघाचा विक्रम केला खरा. पण मोसमाच्या उत्तरार्धात चेंडू प्रतिपक्षाच्या हाती लागू लागले, चूल मंदावली, आणि 9 जानेवारी 2021 रोजी लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी 30–20 असे घरी पाठविले. शॉटनहायमर गेले. कालांतराने कॅरलही गेले. त्यांच्या जागी आलेल्या माइक मॅकडॉनल्ड यांच्या पहिल्या वर्षी, 2024 साली, रायन ग्रब या नव्या कोऑर्डिनेटरवर पुन्हा ओरड झाली ती फार फेकतात, धावत नाहीत म्हणून; आणि एका मोसमात तेही बरखास्त. दहा वर्षांत फिर्याद फिरून मूळ जागी आली, एवढेच नव्हे तर तिच्या मसुद्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

चिरंजीवांचे म्हणणे असे, की आम्हां प्रेक्षकांना नेमके काय हवे हेच आम्हांस कळत नाही. हे साफ चूक आहे. आमची अपेक्षा अत्यंत सरळ आहे: पुढची चाल प्रतिपक्षाला सर्वस्वी अनपेक्षित असावी, आणि मला मात्र आधीपासून ठाऊक असावी. धाव येणार हे मी सोफ्यावरून ओळखले आणि धावच आली, तर कोऑर्डिनेटर उघडा पडला; धाव येणार असे मी म्हटले आणि पास आला, तर तो अव्वल दर्जाचा हट्टी. उभयपक्षी समाधान होईल अशी चाल अद्याप त्या तक्त्यावर छापली गेलेली नाही, ही तक्त्याची उणीव समजावी.

या सर्व बाबींचा विचार होऊन मी संघाच्या कार्यालयास रीतसर अर्ज करण्याचे योजिले आहे. मसुदा तयार आहे. भाषा विनयशील, परिच्छेद क्रमांकित, सोबत 2015 च्या त्या डाऊनचा हाताने काढलेला नकाशा. सूनबाई इंग्रजी करून देणार आहेत. त्यांनी एकच शंका काढली, की शेवटच्या परिच्छेदात मागणी कोणती लिहू, बाबा? मी कागद परत घेतला, आणि कचेरीतल्या जुन्या छापील नमुन्यांना स्मरून दुरुस्ती केली: “सबब विनंती की, यापुढे निर्णायक प्रसंगी धाव/पास (लागू नसेल ते खोडावे) याचाच हुकूम देण्यात यावा.” खोडण्याचे काम सामना संपल्यावर करीन, असे मी त्यांना सांगितले आहे.