शिदोरी आणि सी-फॉर्म

दिवाळीच्या सुट्या संपल्या की नागपुरात परदेशी चांगुलपणाचा हंगाम सुरू होतो. धरमपेठ असो की मनीषनगर, ज्या दिवाणखान्यात जाऊन बसावं तिथे कुणीतरी नुकतंच युरोपातून नाहीतर जपानहून परतलेलं असतं. कुणाची बॅग प्रागच्या स्टेशनवर राहिली आणि एका अनोळखी पोराने धावत येऊन हातात दिली. कुणी झुरिचमध्ये भलत्याच ट्राममध्ये चढलं तर एका आजीबाईंनी हाताला धरून नेमक्या थांब्यावर उतरवलं. ओसाकात पत्ता विचारला, तर तो गृहस्थ स्वतःचं काम टाकून थेट हॉटेलच्या दारापर्यंत आला. किस्सा संपला की समारोप ठरलेला, "आपल्याकडे हे होणंच शक्य नाही, बावा." सगळे माना डोलावतात, संत्राबर्फी फिरते आणि देशाचा निकाल लागतो. या निकालावर अपील करायचं आहे. परक्याचा चांगुलपणा हे काही विशिष्ट देशाच्या मातीत येणारं पीक नव्हे. त्याला लागतात फक्त दोन माणसं. एक, अडचणीत सापडायची तयारी असलेला पाहुणा. दुसरा, दार उघडायची हिंमत आणि मुभा असलेला यजमान. आपण बराच पैसा आणि बरेच नियम खर्चून या दोघांनाही हद्दपार केलं आहे, आणि ते परदेशात दिसले की आपला ऊर भरून येतो.

आधी पाहुणा पाहू. आजचा मराठी पर्यटक घराबाहेर पाऊल टाकण्याआधी अडचणीला पैसे मोजून रजा देतो. कुठल्याही सहलीचं माहितीपत्रक उघडा. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, हॉटेलच्या दारात बस, रात्री भारतीय जेवण, टिप्ससुद्धा आगाऊ भरलेल्या. आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात मिळतो आणि त्याचा फोटो आल्प्सच्या आधी घरच्या ग्रुपवर पोचतो. तरीही बॅगेत चिवडा, चकल्या, खाकरे आणि लोणच्याची पाकिटं असतातच. दहा दिवसांच्या सहलीला वीस दिवसांचा फराळ, न जाणो स्वित्झर्लंडात दुष्काळ पडला तर! चाळीस जणांच्या या गोतावळ्यात एखादा स्थानिक माणूस मदत करायला आलाच, तर त्याला शिरायला फट सापडत नाही. ट्राम चुकल्याचा प्रसंग म्हणूनच वर्षभर पुरवून सांगावा लागतो. अख्ख्या सहलीत अनोळखी माणसाशी आलेला संबंध तेवढाच असतो.

तरुण पोरं तशी नाहीत, ती सॅक पाठीवर मारून एकटी हिंडतात, असं कुणी म्हणेल. हिंडतात खरी. पण भारतीय पासपोर्टावर भटकणं कागदोपत्री बसतच नाही. शेंगेन व्हिसा हवा असेल तर मुक्काम कुठे ते दाखवा, परतीचं तिकीट दाखवा, बँकेचं स्टेटमेंट दाखवा, किमान ३०,००० युरोंचा विमा दाखवा. अमेरिकेला जायचं तर नागपूरकराला मुलाखतीसाठी आधी मुंबई गाठावी लागते, म्हणजे परदेशातल्या अडचणी देशातच सुरू होतात. वाट चुकायची हौस असेल तर तीही दूतावासाला आधी कळवून भागवायची. इतकं करूनही वाटेत पासपोर्ट हरवलाच, तर आपली वकिलात 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देते. त्यावर एकाच दिशेने जाता येतं, घराकडे. भटक्यावर संकट आलं तर सरकारकडे औषध एकच, भटकणं बंद.

आता याच्या अगदी उलटा पुरावा. तो शोधायला झुरिचला जायला नको, आपल्या पवनारच्या विनोबांपर्यंत गेलं तरी पुरे. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टन गाठायचं होतं. निघण्याआधी ते विनोबांकडे गेले. विनोबांनी प्रवासासाठी दोनच गोष्टी सांगितल्या, शाकाहार सोडू नका आणि जवळ पैसा ठेवू नका. दुसऱ्या अटीमागचा हिशेब पक्का होता. खिशात पैसा असला की दमलेला माणूस खाणावळ शोधतो, जेवतो, झोपतो आणि सकाळी चालू लागतो. गावात कुणाशी बोलायची गरजच पडत नाही. पैसा नसला की दार वाजवावंच लागतं. पाकिस्तानच्या सीमेवर निरोप द्यायला आलेल्यांनी त्यांच्यापुढे शिदोरी धरली, तर ती यांनी परत केली. शिदोरी बरोबर घेणं म्हणजे पलीकडच्या माणसांवर अविश्वास दाखवणं, असा त्यांचा अर्थ. पलीकडे गेले, तर त्यांची बातमी वाचलेला एक अनोळखी गृहस्थ त्यांना घरी न्यायला उभा होता. पुढे जवळपास तेरा हजार किलोमीटरचा हा प्रवास, समुद्र आडवा आला तिथे बोटीने आणि एरवी पायी, परक्यांच्या जेवणावर आणि अंथरुणावर पार पडला. पॅरिसमध्ये तुरुंगही वाट्याला आला, म्हणजे मुक्कामाची सोय सरकारनेसुद्धा केली. सोव्हिएत संघात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांसाठी चहाच्या चार पुड्या त्यांच्याकडे दिल्या, बॉम्बचं बटण दाबायची बुद्धी झालीच तर आधी घोटभर चहा घ्या, असा निरोप धाडला. खाकऱ्याने भरलेल्या बॅगेत अशा पुडीला जागा झाली असती का, हा प्रश्न आहे.

ते व्रतस्थ लोक, आम्ही संसारी, हा पहिला आक्षेप. ठीक आहे, संसारी माणसाचं उदाहरण घेऊ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी पत्नीला अमेरिकेत शिकवायचं म्हणून कोल्हापूरहून एका मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. मिशनचं उत्तर आलं की आधी ख्रिस्ती व्हा. हा सगळा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या नजरेस पडला, तोही दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असताना. ना ओळख, ना देख. बाईंनी आपणहून पत्र लिहिलं, कुठलीही अट न घालता. अठरा वर्षांच्या आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेत या बाईंच्या घरी उतरल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. आपल्याच समाजाने जिला वाळीत टाकायची भाषा केली, तिला परक्या घराने आपल्या माणसांत कायमची जागा दिली. यातली कळीची बाब अशी की गोपाळरावांची अडचण चारचौघांत छापली गेली होती. चार लोक काय म्हणतील म्हणून ती झाकून ठेवली असती, तर दातदुखीने बेजार झालेल्या त्या बाईंना दुसऱ्याच्या दुखण्याची खबर लागलीच नसती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अडचणीचे गोडवे गाणं पुरुषांना परवडतं. एकट्या मुलीने परमुलखात दारं वाजवत फिरायचं म्हणजे काय होऊ शकतं, हे सांगायला नको. हे मान्यच केलं पाहिजे. आनंदीबाईंनीही आधी पत्रांतून घर जोडलं आणि मगच समुद्र ओलांडला. तेव्हा विमा काढू नका, फोन टाकून द्या, असं इथे कुणी म्हणत नाही. शिवाय चांगुलपणाही पासपोर्टचा रंग बघतो, हेही खरं. आग्नेय आशियातल्या फुटपाथवर काही गोरी तरुण मंडळी 'जगप्रवासाला मदत करा' अशी पाटी लावून बसतात आणि त्यांच्यापुढे नाणी पडतात. तिथेच आपल्या भंडाऱ्याचा पोरगा बसला, तर नाण्यांच्या आधी पोलीस पोचतील. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा कापला जात नाही, उलट धारदार होतो. जग जर इतकं बेभरवशाचं असेल, तर ज्या शहरात आपली सत्ता चालते तिथे तरी परक्याला भरवसा वाटावा, ही जबाबदारी कुणाची?

म्हणजे आता यजमान. आपल्या देशात परदेशी माणूस मुक्कामाला उतरला की, मग ते हॉटेल असो की तुमच्या घरातली गच्चीवरची खोली, २४ तासांच्या आत, सी-फॉर्म म्हणून ओळखला गेलेला, फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. पर्यटन खातं 'अतिथी देवो भव' म्हणून जाहिराती करतं आणि गृह खातं म्हणतं, देव आला की उद्यापर्यंत वर्दी द्या. नोंद ठेवण्यात गैर काही नाही. संघाचं मुख्यालय या शहरात आहे, २००६ साली त्यावर हल्ल्याचा प्रयत्नही झाला. कोण कुठे राहतंय हे पोलिसांना ठाऊक असलेलं बरं. पण नोंदीचा नियम आपल्याकडे नकाराचं निमित्त होतो. फॉर्मची कटकट नको म्हणून छोटा लॉजवाला 'फॉरेनर चालत नाही' म्हणत हात जोडतो, आणि सज्जन गृहस्थ रात्री अकराला दारात आलेल्या परक्याला चहा विचारतो, पण सतरंजी अंथरण्याआधी ओळखीच्या वकिलाला फोन लावतो. परदेशी पाहुण्याची गोष्ट सोडा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत चौथ्या मजल्यावर पार्सल पोचवणाऱ्या पोराला पाणी मागितल्यावर वॉचमन सोसायटीचा नियम दाखवतो, आणि लिफ्टवर 'डिलिव्हरी बॉईजनी जिना वापरावा' अशी पाटी झळकते. हा पोरगा हिंगण्याचा असतो. त्याला तर कुठलाच फॉर्म लागत नाही.

मग नागपूरकर मुळातच कोरडा आहे का? मुळीच नाही, आणि अपिलातला खरा पुरावा इथेच आहे. जपानचे एक भिक्खू १९६६ साली भारतात आले आणि पुढे फिरत फिरत नागपुरात पोचले. भाषा येत नाही, गाठीला पैसा नाही. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांनी नव्हे, इंदोऱ्याच्या वस्तीने त्यांना ठेवून घेतलं. कागदांची मुदत संपून त्यांना देशाबाहेर घालवायची वेळ आली तेव्हा लोकांनी सह्या गोळा केल्या आणि १९८७ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. भदंत सुरई ससाई ते हेच. लॉजवाल्याच्या न्यायाने इंदोरा चालला असता, तर 'फॉरेनर चालत नाही' म्हणून त्यांनाही हात जोडले गेले असते. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बांगलादेशी विमानाच्या कॅप्टनला आकाशातच हृदयविकाराचा झटका आला. सर्वांत जवळचं विमानतळ नागपूरचं, म्हणून १२४ प्रवाशांना घेऊन सहवैमानिकाने ते इथे उतरवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी शर्थ केली; कॅप्टन तीन दिवसांनी मरण पावले. धावपट्टी द्यावी की नाही यासाठी कुणी आमसभा बोलावली नाही. अडचण दारात येऊन उभी राहिली की हे शहर नियमांची वही न चाळता कामाला लागतं.

आणि दीक्षाभूमी? १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेपासून दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो माणसं या शहरात उतरतात. हातात पिशवी, खांद्यावर वळकटी, हॉटेलचं बुकिंग नाही, विमा नाही, परतीच्या गाडीत जागा मिळेल याचा भरवसा नाही. जगातल्या कुठल्याही सॅकवाल्याने धडा घ्यावा असा हा प्रवास. आणि रस्त्यारस्त्यावर मांडव घालून वस्त्यांमधली माणसं त्यांना पोटभर जेवू घालतात, पाणी देतात, औषध देतात. कुणी कुणाला ओळखत नाही, कुणी नाव विचारत नाही. त्याच दिवसांत आपल्या दिवाणखान्यात चर्चा काय असते? वाहतूक वळवल्यामुळे विमानतळावर पोचायला किती उशीर झाला, याची. परक्याला जेवू घालणारं शहर चार चौकांवर असताना, त्याला वळसा घालून आपण परक्याचा चांगुलपणा बघायला सहा हजार किलोमीटर जातो आणि परत येऊन सांगतो, आपल्याकडे हे होणंच शक्य नाही.

म्हणून सरकारला एक नम्र सूचना. परदेशातून परतणाऱ्या प्रत्येक नागपूरकराने उतरल्यापासून २४ तासांच्या आत एक फॉर्म भरावा. पहिल्या रकान्यात, तिकडे कुणी कुणी आपल्याला मदत केली. दुसऱ्या रकान्यात, गेल्या वर्षभरात आपण इथे कुणा अनोळखी माणसाला काय दिलं; नातेवाईक, गिऱ्हाईक, मतदार आणि ज्याच्याकडे आपलं काम अडलंय असे सर्व वगळून. दुसरा रकाना कोरा असेल, तर पहिल्या रकान्यातले किस्से दिवाणखान्यात सांगायला मनाई. आणि सलग दोन वर्षं कोरा राहिला, तर पुढच्या सहलीला निघताना चिवड्यासकट सगळा फराळ सोनेगावच्या विमानतळावरच जप्त व्हावा. शिक्षा कडक वाटेल, पण गुणकारी आहे. भूक लागली की माणूस आपोआप दुसऱ्याशी बोलायला लागतो. विनोबांनी हा सल्ला फुकट दिला होता, म्हणून आपण तो घेतला नाही.