पाळण्यातले बलुतेदार

अमेरिकेतील बालवाडीची हजेरी सांप्रत कानी पडावी, तर ती एखाद्या कसब्यातील बलुतेदारांची यादीच वाटावी: मेसन म्हणजे गवंडी, कूपर म्हणजे पिंपे घडविणारा, कार्टर म्हणजे गाडीवान, टायलर म्हणजे कौले शाकारणारा. त्या देशाच्या सरकारी दफ्तरात तर २०११ साली नवजात मुलग्यांच्या नावांत गवंड्याने दुसरा क्रमांक पटकावला.

गवंड्याविषयी आमची फिर्याद नाही. आमचे चित्त अडखळते ते चिरंजीव टॅनर यांच्यापाशी.

टॅनर म्हणजे कातडी कमावणारा. केस सुटावेत म्हणून कातडे शिळ्या मुतात भिजवावे आणि ते मऊ पडावे म्हणून कुत्र्याच्या विष्ठेत मुरवावे, ही त्या विद्येची जुनी रीत. १८५१ च्या सुमारास लंडनच्या बर्मंडसी भागातील कारखानदार या जिनसेला बादलीमागे आठ ते दहा पेन्स मोजीत, उत्तम प्रतीस शिलिंगही पडे, आणि ती रस्तोरस्ती वेचून आणणे हा दरिद्री म्हाताऱ्याकोताऱ्यांचा स्वतंत्र धंदा होता. आता ज्या मातोश्री आपल्या लाडक्या श्वानाचा तोच प्रसाद हातमोजा चढवून, श्वास रोखून, मान फिरवून पिशवीत बांधतात, त्यांनीच क्षणार्धात वळून ‘टॅनर, राजा, त्याला हात लावू नकोस’ असे ओरडावे, आणि शेजारणीने ‘नावात कशी श्रमाची प्रतिष्ठा आहे!’ असा अभिप्राय द्यावा, यापरता वंशपरंपरागत कसबाचा अपमान दुसरा कोणता?

श्रमाची प्रतिष्ठा म्हणे! मग एखाद्याने पोराचे नाव प्लंबर का ठेवले नाही? कारण प्लंबर अद्याप जिवंत आहे, त्याच्या हाताला अद्याप वास येतो आणि तो मजुरी मागतो. धंदा मरून त्याची दुर्गंधी विरली, म्हणजे मगच त्याचे नाव सुगंधी होते. आणि आम्ही तरी कोणत्या तोंडाने हसावे? कातडी कमावणाऱ्यांना गावाबाहेर घालविण्याची वहिवाट विलायतेतही होती; परंतु तेथे कारखाना बाहेर गेला, येथे माणूस, त्याची लेकरे आणि त्याचा पाणवठा, सारेच गावकुसाबाहेर गेले, आणि त्याचा पदवीधर नातू आजही शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगण्यापूर्वी घरमालकाचा चेहरा न्याहाळतो.

तेव्हा हौस असेल त्याने बाळाचे नाव टॅनर खुशाल ठेवावे. मात्र त्याआधी कातडी कमावणाऱ्या जिवंत माणसास घरात बोलावून बसावयास खुर्ची द्यावी.