पन्नास डॉलरचा ट्रक

मला ट्रकची गरज नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात हा ठराव केव्हाच मांडला गेलाय आणि एका मताच्या बहुमताने मंजूरही झालाय. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय गावात, कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतो. सामान वाहायचं म्हणजे वसंत आला की बागेसाठी मल्चची पोती आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीचं मखर. दोन्ही वेळा शेजाऱ्याचा पिकअप मिळतो. तो एरवी मोकळाच फिरतो. या देशातले कितीतरी पिकअप जन्मभर नुसती हवा वाहतात, त्यामुळे मखर चढलं की त्या ट्रकलाही कृतार्थ वाटत असावं.

तरी 2025 च्या एप्रिलमध्ये ‘स्लेट’ नावाच्या नव्या कंपनीने आपला विजेवरचा ट्रक दाखवला आणि माझं चित्त ढळलं. कंपनी आमच्याच गावातली. बाहेरून आलेल्या आकर्षक वस्तूबद्दल निदान ट्रॉय नावाच्या गावाने तरी सावध राहायला हवं, पण ही वस्तू गावातूनच निघाली, त्याला काय करणार! पैसा लावणाऱ्यांत जेफ बेझोस आहेत. आणि गाडीत काय आहे यापेक्षा काय नाही याचंच कौतुक जास्त. काचा हाताने फिरवायच्या. रेडिओ नाही, स्पीकर नाहीत, मधोमध मोठा स्क्रीन नाही. आपला फोन अडकवा आणि आपलं गाणं आपण लावा. माणसं दोनच बसणार. रंगसुद्धा नाही! सगळ्या गाड्या एकाच राखाडी प्लास्टिकच्या अंगाच्या. मोटारीच्या कारखान्यात रंगकामाचा विभाग फार महागात पडतो, तो यांनी उभारलाच नाही. हौस असेल त्याने वरून रंगीत फिल्म चिकटवून घ्यावी.

ऑफिसातले अमेरिकन सहकारी हे ऐकून चकित झाले. केवढा धाडसी विचार, म्हणाले. मी गप्प बसलो. आमच्या काकांच्या पद्मिनीत हे सगळे धाडसी विचार एकवटलेले होते. मागच्या डाव्या काचेचा दांडा तर निघूनच हातात यायचा, आणि तो सांभाळण्याचं काम प्रवासभर माझ्याकडे असायचं. आता तोच दांडा मला डॉलर मोजून परत मिळणार होता, हे खरं आकर्षण. हे घरात कसं सांगणार? घरात मी पर्यावरण सांगितलं.

पैशाचंही सांगितलं. सरकारची साडेसात हजार डॉलरची करसवलत धरून गाडी वीस हजारांच्या आत पडेल, असं कंपनी सुरुवातीला म्हणत होती. जुलैत नवा कायदा झाला आणि 30 सप्टेंबर 2025 नंतर ती सवलतच गेली. मग किंमत पंचवीस हजारांच्या आसपास जाऊन बसली. गाडी मात्र तीच, दांड्याची! तेवढ्या पैशात इथे बऱ्यापैकी जुनी गाडी मिळते, जिच्या काचा बटणाने खाली होतात. हे मला हिने सांगितलं, आणि मुद्दाम बटण दाबून दाखवल्यासारखं बोट हलवून सांगितलं.

साध्या बॅटरीवर दीडशे मैल जाईल, असा कंपनीचा अंदाज आहे. म्हणजे जेमतेम पुणे ते कोल्हापूर. मोठी बॅटरी घेतली तर दोनशे चाळीस. पण हा हिशेब बऱ्या हवेतला. मिशिगनच्या जानेवारीत बॅटरी आतून मंदावते, आणि उरलेल्यातली बरीच वीज माणसांना ऊब द्यायला लागते. कोल्हापूरला निघालेल्याला साताऱ्यातच चार्जर शोधावा लागायचा.

पण रात्री जागवणारा प्रश्न निराळा आहे. कंपनी टिकेल का? लॉर्ड्सटाउनने 2023 मध्ये दिवाळं काढलं, फिस्करने 2024 मध्ये, कनूने 2025 च्या जानेवारीत. तिघांनीही विजेचे देखणे पिकअप दाखवले होते. फिस्करच्या मालकांना तर आपल्या गाड्या चालू ठेवण्यासाठी स्वतःची संघटना काढावी लागली. मोठ्या घराण्याची गाडी घ्यावी, तर फोर्डने लाइटनिंग नावाचा विजेचा पिकअप थाटात आणला आणि 2025 च्या डिसेंबरात तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे नॅनोचं काय झालं? 2009 मध्ये दोन लाखांवर बुकिंग, सोडत काढून गाड्या द्यायची वेळ, आणि 2018 मध्ये उत्पादन थांबलं. थोरामोठ्यांचं हे असं. मग स्टार्टअपलाच का नावं ठेवायची?

उलट मला वाटतं, बुडणाऱ्या कंपनीकडून घ्यायची तर गाडी अशीच असावी. स्क्रीनवर चालणारी गाडी कंपनीसोबत सती जाते. सॉफ्टवेअर तयार करणारेच घरी गेले की मालक दारात उभ्या असलेल्या भल्यामोठ्या मोबाइलकडे बघत बसतो. इथे कंपनी बुडाली तरी काच खाली होईल! हा युक्तिवाद मी जेवताना मोठ्या विश्वासाने मांडला. ही म्हणाली, “अहो, पण बॅटरी गेली तर काच खाली करून काय करणार? हाका मारणार?”

बाबांना पुण्याला फोन केला. “टेम्पो कशाला घेतोस?” हा पहिला प्रश्न. बुकिंगची रक्कम फक्त पन्नास डॉलर, तीही परत मिळणारी, हे कळल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. त्यांच्या काळी स्कूटरचं बुकिंग करून माणसं वर्षानुवर्षं नंबरची वाट बघत. बुकिंग केलेल्या माणसाची सोसायटीत पत असे. मुलीकडचे चौकशी करत. नंबर लागल्यावर ‘ऑन’, म्हणजे किमतीच्या वर पैसे, घेऊन स्कूटर विकता येई. “आपला नंबर कितवा?” बाबांनी विचारलं. पहिल्या काही आठवड्यांतच लाखावर बुकिंग झाल्याचं मी सांगितलं. “मग घेऊन ठेव. ऑन सुटेल!”

गाड्या 2026 च्या अखेरीस निघायच्या आहेत, इंडियानातल्या वॉर्सा गावातून. तिथे एका बंद पडलेल्या छापखान्यात कारखाना उभा राहतोय. हे वॉर्सा कृत्रिम गुडघे आणि खुबे तयार करण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. ट्रकात चढणाऱ्या माझ्या वयाच्या गिऱ्हाइकाची इतकी दूरवरची काळजी आजवर कुठल्या मोटार कंपनीने घेतली नसेल.

शेवटी पन्नास डॉलर भरले. एवढ्यात चौघांची बाहेर मिसळ होते, आणि तीही इथे धड मिळत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर गाडी मनासारखी सजवून बघता येते, म्हणून रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो. ही चहा घेऊन शेजारी टेकली. “मंडळाची माणसं कुठे बसणार?” म्हणत तिने मागची सीट आणि वरचं छप्पर जोडलं. मग थंडीसाठी मोठी बॅटरी. स्पीकर. राखाडी रंग अशुभ दिसतो म्हणून निळी फिल्म. आणि काचा? तिने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं, तेवढ्यात तिने बटणाच्या काचा निवडल्या. पडद्यावर निळी, पाच जणांची, छान बंदिस्त गाडी तयार झाली. आमच्या गॅरेजमध्ये आहे तशीच, पण तिचे हप्ते कधीच फिटलेत. “ही छान आहे,” ती म्हणाली. “पण यात मखर मावणार नाही हं. शेजाऱ्याला सांगून ठेवा.”