चुकलेली फास्ट

थकव्यालाही हद्द आखून दिलेली असते, हे मला जागतिक आरोग्य संघटनेमुळे कळलं. २०१९ साली संघटनेनं बर्नआउटची व्याख्या केली आणि वर बजावून ठेवलं की हा आजार नव्हे, ही कामाच्या ठिकाणाशी निगडित गोष्ट आहे. आयुष्याच्या इतर भागांना हा शब्द लावू नये. म्हणजे चर्चगेटच्या ऑफिसात मी दमते ते अधिकृत, आणि बोरिवलीला उतरल्यावर भाजी, कुकर, गृहपाठ, उद्याचे डबे यांत दमते ती बहुधा हौस. पूर्वी जकात नाक्यावर ट्रक थांबायचे तसा माझा शीण रोज वाटेत कुठेतरी थांबून कागदपत्रं बदलून घेत असणार. दादरला की अंधेरीला, तेवढं पाहायचं राहिलंय.

"स्वतःसाठी वेळ काढा," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कुठून काढायचा, ते प्रिस्क्रिप्शनवर नव्हतं. मग पहाटे गच्चीवर बसून पाहिलं. पण आई जागी झालीय याचा घराला वास लागतो की काय कोण जाणे. मांडी नीट जमते न जमते तोच खालून कुणाचा तरी मोजा हरवल्याची हाक येई.

आणि मग एका संध्याकाळी, चर्चगेटला बोरिवली फास्ट समोर उभी असताना, मी शेजारच्या स्लोमध्ये जाऊन बसले. चक्क मुद्दाम. खिडकी मिळाली. मरीन लाइन्स सोडल्यावर डाव्या हाताला समुद्र दिसतो, हे मी नोकरीला लागले तेव्हा ठाऊक होतं; मधल्या काळात तो कुणी उचलून नेला नव्हता, हे पाहून बरं वाटलं. समोरच्या बाईनं मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि गवार काढली. देठ खुडायचं, ओघात शीर ओढायची, शेंग पिशवीत. तिचा हात इतका संथ चालला होता की न विचारता मीही मूठभर उचलली. माहीम येईतो आमची अर्धा किलो गवार निवडून झाली. घरी हेच काम करताना मी दात-ओठ खाते. दुसरीच्या घरची गवार निवडण्यात मात्र अपार विश्रांती आहे, ती शिजवायची नसते, आणि "आज पुन्हा गवार?" हे ऐकायचंही नसतं. त्या बाईचं नाव मला अजून माहीत नाही. तिच्या नणंदेच्या गुडघ्याचा इतिहास मात्र तोंडपाठ आहे.

घरी मी "फास्ट चुकली" एवढंच सांगते. वीसेक मिनिटांचा तर प्रश्न. परवा लेक म्हणाली, "आई, तुझीच बरी रोज चुकते?" मी घाईघाईनं कुकरची शिट्टी शोधू लागले. सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हापासूनच्या तिच्या प्रवासी. शब्दकोड्यातून मान वर न करता त्या नातीला म्हणाल्या, "चुकते गं. माझी तर लेडीज स्पेशलसुद्धा चुकायची."

मग पेन्सिल कानामागे खोचून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "खिडकी मिळते ना पण?"