सगळं आपोआप

खानापुरात ‘सर्व्हर डाऊन हाय’ हे वाक्य ज्याला तोंड पाडून बोलता येतं, त्याला तलाठ्याच्या खालोखाल मान आहे. मी ते वर्षानुवर्षं बोललोय आणि उत्तम बोललोय. भुवया किती उचलायच्या, उसासा कधी सोडायचा, ‘बेळगावला फोन लावलाय’ हे केव्हा म्हणायचं, सगळं बसवलेलं. पतसंस्थेच्या हजेरीपुस्तकात माझा हुद्दा ‘क्लार्क (संगणक)’ असा आहे. भाच्याच्या लग्नपत्रिकेत मात्र मी ‘सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून छापून आलो, आणि तो मजकूर मीच लिहून दिला होता.

त्या काळी अपडेट म्हणजे मी. पेनड्राइव्ह खिशात घालायचा आणि बसनं नंदगड, बिडी, जांबोटी करत फिरायचं. मी दारात दिसलो की शिपाई खुर्ची पुसणार, मॅनेजर चहा-भजी सांगणार. पडद्यावरची हिरवी पट्टी माझ्या नजरेच्या जोरावरच पुढे सरकतेय, अशा थाटात मी तिच्याकडे बघत बसे.

मग चेअरमनसाहेबांचा पुण्याचा, आयटीतला पुतण्या गणपतीला आला. मोदक खाता खाता म्हणाला, “काका, हे सगळं आपोआप होतं हो.”

तेव्हापासून त्या मुलाबद्दल माझं मत चांगलं नाही. पण म्हणत होता ते खरं होतं. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या भोकांवरची ठिगळं, सोडते. त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र. खानापुरात तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. मी मच्छरदाणीत. पॅच आला की भोक कुठं होतं ते जगजाहीर होतं, आणि ती यादी चोरही वाचतात, आपल्यापेक्षा लक्ष देऊन वाचतात. वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा ज्या भोकातून कॉम्प्युटरांत शिरला त्याचा पॅच १४ मार्च २०१७ ला आलेला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधले दोन महिने लोकांनी ‘नंतर’ या बटणावर काढले आणि ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांतल्या हजारो रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली. ‘नंतर बघू’बद्दल आम्ही सीमाभागातल्यांनी जगाला काय सांगावं? महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा महाजन अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा.

उलटही घडतं. २०१७ मध्येच २७ जूनला नॉटपेट्या नावाचा दुसरा किडा आला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच बसून, आणि पार न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यानं ठप्प केलं. १९ जुलै २०२४ ला तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहिले गेले. आमच्या एकाही शाखेला धक्का लागला नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत मी हे ‘दूरदृष्टी’ या सदराखाली मांडलं. ते सॉफ्टवेअर घ्यायची आमची ऐपतच नव्हती, हा तपशील वेळेअभावी राहून गेला.

तर आपोआप करायचं, पण कसं? हे मला पुण्याच्या पुतण्यानं शिकवलं नाही. शिकवलं आमचं घर शाकारणाऱ्या म्हाताऱ्यानं, आणि त्याच्याबद्दल सांगताना मला आवरत नाही.

खानापूरची माती कौलांची. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था इथं आहे ती उगाच नाही. आणि पाऊस म्हणाल तर पश्चिमेला, कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते तिथं, तो पडत नाही, मुक्कामाला येतो. म्हणून मृगाच्या आधी कौलं परतावी लागतात. हा म्हातारा आला की आधी शिडी मागत नाही, चटई मागतो. भर दुपारी माजघरात उताणा पडतो आणि वर बघत राहतो. जिथून कवडसा येतो ती जागा बोटांवर मोजतो. “आधी भोकं किती ती बघूया की वो, मग चढूया.” मग पहिल्यांदा हात घालतो गोठ्याच्या छपराला. नवीन कौलं बसतात की नाही ते म्हशीच्या डोक्यावर कळू दे, देवघरावर नको. संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच छप्पर उघडतो. उतरवलेली धड कौलं फेकू देत नाही. परसात उभी रचून ठेवतो, नवी दगा देतील तेव्हासाठी. आणि हे सगळं यथासांग झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी वानरांचा कळप छपरावरनं शर्यत लावतो. तेव्हा आमची आई वानरांच्या सात पिढ्या उद्धरते. म्हातारा बिडी पेटवतो आणि परसातली कौलं मोजायला जातो.

मी तेच केलं. चटई सोडून. आधी यादी केली, तर पतसंस्थेत माझ्या माहितीपेक्षा जास्त कॉम्प्युटर निघाले. एक तर तिजोरीच्या खोलीत विंडोज ७ वर सुखानं नांदत होता. त्या विंडोजची देखभाल १४ जानेवारी २०२० लाच संपलेली; पण जुना पासबुक प्रिंटर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. त्याचं इंटरनेट तोडलं. गोठा म्हणून चेअरमनसाहेबांच्या केबिनमधला कॉम्प्युटर निवडला, कारण त्यावर पत्त्यांखेरीज काही चालत नाही. तिथं आठवडाभर सगळं ठीक चाललं की मग शाखा. शाखेत एकानंच पॅच उतरवून घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचा. इंटरनेटची दोरी बारीक आहे आमची.

पण हे सगळं सुचलं ते हौसेनं नव्हे. आषाढातली गोष्ट आहे. रात्री लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि रात्री व्हायचं अपडेट सकाळी काउंटरवर सुरू झालं. पडद्यावर गोल चक्र, बंद करू नका अशी इंग्रजी सूचना. समोर कणकुंबीकडची एक म्हातारी. डोक्यावरची खोळ निथळतेय, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. नातवाच्या दवाखान्याला पैसे हवे होते. बराच वेळ ती चक्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाळा, ह्ये कवाधरनं फिरूलालंय. माजं पैसं त्यात अडकलं काय रे?”

माझं वाक्य तयार होतं. भुवयाही निघाल्या होत्या. पण तिच्यापुढं ते बोलवेना. यंत्र इंग्रजीत बोलतंय, भिंतीवरचे सरकारी कागद कन्नडात, आणि ही बाई मराठीत विचारतेय तर तिला सांगणारं कुणी नाही. होता तो मी, आणि मला अभिनय येत होता. ‘थोडा वेळ लागू शकतो’ असं पडद्यावर लिहिणाऱ्या शहाण्यानं तिची परतीची बस कधी धरली असेल का? मला त्याचा राग आला, नंतर स्वतःचा जास्त आला. मॅनेजरनी हातानं व्हाउचर लिहून पैसे दिले. तिनं ते दोनदा मोजले आणि चक्राकडे पाठ फिरवून गेली.

त्या आठवड्यात सगळ्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. काउंटर उघडा असताना कुठलाही कॉम्प्युटर रीस्टार्ट होणार नाही, असं बसवून टाकलं. रात्री अर्धवट राहिलं तर ते दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबतं, आणि सकाळी मला फक्त मेसेज येतो.

आता फोन येत नाहीत. कुणी खुर्ची पुसत नाही. गेल्या बैठकीत मी अहवाल ठेवला, वरपासून खालपर्यंत हिरवागार. चेअरमनसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, “म्हणजे आता सगळं आपोआप होतंय?”

“होय साहेब.”

“मग तुम्ही काय करता?”

संगणक सुरक्षेवर मी पाच मिनिटं बोललो. नॉटपेट्या सांगितला, न्हावा-शेवा सांगितलं, म्हाताऱ्याची चटईसुद्धा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला थकबाकी वसुलीला टाकलं.

वसुली अजून तरी आपोआप होत नाही. पुतण्या यंदाही गणपतीला येणार आहे. या खेपेला मीच त्याला आधी गाठणार आहे.