विंचवाचं बिऱ्हाड गाडीमागे

"अगं, ऐकलंस का? सात नंबरवाल्यांची कॅरव्हॅन आज हलली एकदाची!"

"बघितलं ना काकू, खिडकीतून. मला वाटलं घरच सोडून चालले."

"घर कसलं सोडतायत! सोमवारी बँक हॉलिडे आहे ना. मे महिन्यातला शेवटचा सोमवार आला की निम्मं इंग्लंड रस्त्यावर येतं. गेले पंधरा दिवस नवरा शिडी लावून ती कॅरव्हॅन घासत होता. हिवाळाभर हिरवं शेवाळ धरलं होतं तिच्यावर. घरात कप विसळत नाही म्हणे, पण हिला मात्र न्हाऊमाखू घालतो."

"पाच नंबरवाल्या बाई तर पडद्याआडून बघत होत्या."

"बघणारच! त्या पांढऱ्या हत्तीवर तिचा जुना राग आहे. मागच्या वर्षी तिनं घराचे कागद बाहेर काढले होते. आपल्या रेडिंगच्या या घरांच्या कागदांत एक कलम आहे बघ, पुढच्या अंगणात कॅरव्हॅन किंवा होडी उभी करायची नाही म्हणून. बऱ्याच वसाहतींत असतं. बिल्डर घरं विकतानाच घालून ठेवतो."

"मग सात नंबरवाल्यांची कशी चालते?"

"कलम असलं म्हणून काय झालं? कुणीतरी वकील गाठायला हवा, पैसे घालायला हवेत. ही नुसतीच कागद फडकवते. आमची कॅरव्हॅन शेतकऱ्याकडे भाड्यानं उभी असते. पैसे जातात, पण कुणाच्या तोंडाला लागायला नको."

"काकांना वेगळं लायसन्स काढावं लागलं का हो?"

"नाही ना! लागलं असतं तर मी सुटले असते. १९९७ पासून पुढे लायसन्स मिळालेल्यांना जड कॅरव्हॅन ओढायची तर निराळी परीक्षा द्यावी लागायची. डिसेंबर २०२१ मध्ये ती भानगडच काढून टाकली. आता साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंत काहीही ओढा. झालं, आमच्या ह्यांच्या अंगात आलं. कॅरव्हॅनला टॅक्स नाही, एमओटीची वार्षिक तपासणी नाही, मागे गाडीचाच नंबर लावला की निघाले."

"पण किती हळू जातात हो या कॅरव्हॅन! आम्ही डेव्हनला जाताना एकीच्या मागे अडकलो होतो."

"मुद्दाम नाही करत गं. साध्या रस्त्यावर जास्तीत जास्त ५० मैल आणि मोटरवेवर ६०. तीन लेनचा मोटरवे असेल तर अगदी उजवीकडच्या लेनमध्ये जायची सोय नाही. त्यामुळे मागे रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक जण आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. टीव्हीवरच्या त्या 'टॉप गिअर'वाल्यांनी वर्षानुवर्षं कॅरव्हॅनवाल्यांची टिंगल करून पोट भरलं. पण मी तुला सांगते, भलेभले लोक यात असतात. मार्गारेट बेकेट माहीत आहे का? २००६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाली, या देशातली त्या खात्याची पहिली बाई. ती नवऱ्याबरोबर कॅरव्हॅन घेऊन सुट्टीवर जायची."

"परराष्ट्रमंत्री? कॅरव्हॅनमधून?"

"मग काय तर! मला एकच प्रश्न पडतो, पाणी भरायला कोण जात असेल?"

"नवरा!"

"शहाणी आहेस. आणि मुळात ही हौस बड्या लोकांचीच. आमचे हे सांगतात, ऐकून ऐकून मला पाठ झालंय. गॉर्डन स्टेबल्स नावाचा नौदलातला डॉक्टर होता. त्यानं १८८५ मध्ये ब्रिस्टलला खास गाडी बांधून घेतली, 'वाँडरर' नाव तिचं. ओढायला दोन घोडे, बरोबर कोचमन आणि गडी. १९०७ मध्ये अशा हौशी मंडळींचा क्लब निघाला, आम्ही आज त्याचेच सभासद आहोत. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले."

"आणि गडी?"

"गड्याच्या जागी नवरा आला. तेवढं एक बरं झालं."

"मला पण जायचंय एकदा. सामान किती न्यायचं असतं?"

"सामानाचं नाव काढू नकोस! रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन एक आणि भरल्यावर कायद्यानं चालेल असं वजन एक. मधला जो फरक, तेवढंच सामान न्यायचं. आमच्या वाट्याला दीडशे किलोच्या आसपास येतं. त्यात गॅसची टाकी, बॅटरी, खुर्च्या, अंथरुणं, पुढे जोडायचा तो मांडव... ऑनिंग गं... सगळं आलं. ह्यांनी बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणला आणि माझी कणीक, तांदूळ, डाळी, लोणच्याची बरणी एकेक करून त्यावर ठेवली. वहीत लिहिलं. मी म्हटलं, मीही चढू का काट्यावर? तर म्हणतात, तू गाडीत बसणार, तुझं वजन वेगळ्या खात्यात."

"काका पण ना!"

"हसू नकोस, त्यात तथ्य आहे. जड सामान चाकांच्या वर, जमिनीलगत ठेवायचं. हुकावर एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार यायला हवा. त्याला हे लोक नोजवेट म्हणतात, ते मोजायला आणखी एक काटा. मागच्या कपाटात डब्यांची चळत लावलीस ना, की कॅरव्हॅन भर मोटरवेवर डावी-उजवी झुलायला लागते आणि पुढच्या गाडीलाही हिसके देते."

"मग काय करायचं? ब्रेक?"

"मुळीच नाही! ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. म्हणून तर नवख्यानं गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅरव्हॅन ओढू नये म्हणतात. आणि यॉर्कशरमध्ये सटन बँक म्हणून घाट आहे, चार फुटांना एक फूट चढ. तिथे तर कॅरव्हॅनला बंदीच आहे. पण खरी परीक्षा रस्त्यावर नसतेच. ती पोचल्यावर."

"म्हणजे?"

"मागे घेताना! कॅरव्हॅनचं ढुंगण डावीकडे जायला हवं असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं. नवऱ्याचा तिथेच गोंधळ. बायको मागे उभी राहून ओरडते, 'लेफ्ट! लेफ्ट!' नवरा काच खाली करून विचारतो, 'कुणाचं लेफ्ट?' शुक्रवारी संध्याकाळी साइटवर लोक खुर्च्या बाहेर मांडून बसतात ना, ते काही सूर्यास्तासाठी नव्हे. नवी जोडपी भांडतात ते बघायला. हल्ली मूव्हर नावाचं यंत्र निघालंय. कॅरव्हॅन गाडीपासून सोडायची आणि रिमोटनं सरकवायची. करमणुकीचं वाटोळं केलं मेल्यानं."

"आणि काकू, विचारू का... बाथरूमचं काय करतात?"

"केव्हाची वाट बघत होते, कधी विचारतेस म्हणून! संडास आत असतो गं, चांगला असतो. खाली एक चपटा डबा, कॅसेट म्हणतात त्याला. बाहेरच्या अंगाला छोटं दार असतं, तिथून तो ओढून काढायचा. पुढे हँडल, खाली चाकं. आणि सगळ्या साइटसमोरून खडखडत न्यायचा एल्सन पॉइंटवर. तिथे ओतायचा, खंगाळायचा, निळं औषध घालून परत आणायचा. हे काम पुरुषांचं, असं कुठे लिहिलेलं नाही, पण ठरलेलं आहे. आमच्या ह्यांनी घरातला फ्लश कधी घासला असेल तर शपथ. तिथे मात्र सकाळी सातला डबा घेऊन निघतात, शीळ घालत! दोन पुरुष समोरासमोर आले, दोघांच्या हातात डबे, की दोघंही आभाळाकडे बघतात आणि पाऊस येईल का यावर बोलतात."

"ई! आणि पाणी?"

"त्याला पिंप असतं, ४० लिटरचं. नळावर भरायचं, आडवं पाडायचं, हँडल अडकवून ढकलत आणायचं. सांडपाण्याचं दुसरं. विजेला खांबावरून वायर घ्यायची. १६ अँपिअर मिळाले तर नशीब, काही ठिकाणी १० वरच भागवायचं. १० म्हणजे २३०० वॅट. घरातली आपली किटली एकटी ३००० खाते! आमच्या शेजारच्या एका बाईनं हीटर, किटली आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं. फट्! ओल्या केसांनी वॉर्डनला शोधत फिरली बिचारी. आमच्याकडे बारीक ताकदीची किटली आहे. पाणी उकळायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात कुणीतरी बोलायला येतंच."

"तिथे बोलतात लोक?"

"तेच तर सांगतेय तुला! इतकी वर्षं आपण इथे राहतो. सात नंबरवाला कचऱ्याचा डबा बाहेर काढताना 'ऑल राइट?' म्हणतो आणि उत्तराला थांबत नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही डॉर्सेटला गेलो. मोठी साइट नव्हती, एका शेतकऱ्याच्या शेतात. १९६० च्या कायद्यात सोय आहे, क्लबनं दाखला दिला की शेतकरी पाच कॅरव्हॅनना जागा देऊ शकतो, फक्त क्लबच्या सभासदांना. पाचच बिऱ्हाडं, आणि समोरचं कुणाचं निघावं? सात नंबरवाल्यांचं!"

"काय सांगता!"

"अगं, तो माणूस जो बोलत सुटला! बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलगा ऑस्ट्रेलियात, सुनेचं आणि हिचं पटत नाही, नातवंडांशी फोनवर बोलायचं तर इथली पहाट. सगळं एका संध्याकाळी. आणि सांगताना माझ्या हातचे कांदेपोहे खात होता."

"मग तुम्ही मला सांगितलं कसं नाहीत इतके दिवस?"

"आत्ता सांगतेय ना! बरं, दुसऱ्या बाजूला एक म्हातारा होता, वेल्सकडचा. दोन कॅरव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर सोडायचा नियम आहे, आगीच्या भीतीनं. तर मी खिचडी लावली आणि कुकरची पहिली शिट्टी झाली. हा म्हातारा आगीवर टाकायचं ब्लँकेट घेऊन सहा मीटर पळत आला! त्याला वाटलं गॅसची टाकी उडतेय."

"अय्या! मग?"

"मग काय, बसवला आणि खिचडी वाढली. दुसऱ्या दिवशी आला तो हवा मोजायचा गेज घेऊन. आमचे टायर तपासले, त्यावरची तारीख वाचून दाखवली. म्हणाला, नक्षी नवी दिसली तरी पाच वर्षांनी कॅरव्हॅनचे टायर बदलायचे, उभ्याउभ्या रबर सडतं. निळ्या टाकीतला ब्यूटेन थंडीत पेटत नाही, ऑक्टोबरनंतर लाल टाकी घ्या, हेही त्यानंच सांगितलं. आमचे हे माझं एक ऐकत नाहीत, त्याचं वहीत लिहून घेत होते."

"पण काकू, हे कळत नाही मला. इथे भिंतीला भिंत लागून राहायचं आणि बोलायचं नाही. आणि गप्पा मारायला शंभर मैल जायचं?"

"माझं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. त्यामुळे मला पहिल्या दिवशीच कळलं. चाळीत आम्ही काय फार प्रेमळ होतो म्हणून बोलत होतो का? नळ एक होता म्हणून! रांगेत उभं राहिलं की बोलणं आलंच. विरजण संपलं की शेजारी जाणं आलंच. इथे प्रत्येकाच्या घरात चार नळ. कुणाचं कुणावाचून अडत नाही, मग कशाला तोंड उघडतील? तिथे सगळ्यांचं अडतं. कुणाकडे खुंट्या ठोकायला हातोडी नाही, कुणाची चाकाखाली घालायची फळी विसरली, कुणाची कॅरव्हॅन चिखलात रुतली. सात नंबरवाला आमच्याकडे कशाला आला होता माहीत आहे? काड्यापेटी मागायला."

"आणि परत आल्यावर?"

"मंगळवारी सकाळी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आला. 'ऑल राइट?' आणि गेला आत."

"मेला!"

"राग नाही येत मला. त्याला इथे काड्यापेटी लागत नाही. म्हणून मी आता एक युक्ती केलीय. गेल्या आठवड्यात मुद्दाम त्याची शिडी मागायला गेले. आमच्या गॅरेजमध्ये शिडी आहे गं, चांगली आहे. पण मी मागितली. अर्धा तास बोलला दारात! सुनेचं आता जमतंय म्हणे. शिडी परत द्यायला जाईन तेव्हा पुढचं कळेल."

"काकू, तुम्ही ग्रेट आहात. आपल्याकडे पण निघालंय ना हे कॅरव्हॅनचं? महाराष्ट्र सरकारनं धोरण आणलं होतं २०२१ मध्ये."

"हो, माझा भाचा घेऊन गेला होता कोकणात. पण ती भाड्याची, ड्रायव्हरसकट. आमच्या ह्यांना नाही चालायचं. ड्रायव्हर पाणी भरणार, ड्रायव्हर गाडी लावणार, मग ह्यांनी मिरवायचं कशावर? तू असं कर, ऑगस्टच्या बँक हॉलिडेला आमच्याबरोबर ये. शेतकऱ्याला विचारते, शेजारी तंबू लावू देतो का ते."

"खरंच? मी आजच यांना विचारते! आम्ही काय काय आणायचं?"

"तंबू तुमचा, कांदे-बटाटे तुमचे. चहाची पावडर आणलीत तरी आणली नाही म्हणायचं आणि समोरच्यांकडे मागायला जायचं. आणि नवऱ्याला आधीच सांगून ठेव, आमचा संडास वापरणार असाल तर रविवारी सकाळी डबा न्यायची पाळी त्याची."