फरक निरंक

बँकेत प्रमोशन घेणाऱ्याला हार-तुरे मिळतात आणि नाकारणाऱ्याला कुणी साधा चहाही पाजत नाही, हे मला नोकरीभर खुपलं. वास्तविक घेणं सोपं. परीक्षा द्या, मुलाखतीत साहेबांच्या विनोदाला हसा आणि स्केल वनचे ऑफिसर व्हा. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, ते देशाच्या कानाकोपऱ्यात बँक पोचावी म्हणून. त्या कोपऱ्यात कुणाला तरी जाऊन बसावं लागतं, हे साताऱ्याच्या माणसाला ऑर्डर हातात पडल्यावर कळतं. नाकारायला मात्र बाणा लागतो. तो मी दाखवला आणि शाखेत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग लक्षात आणून देणं आलं. ‘आपल्याला हाव नाही बुवा,’ हे मी लग्नाच्या पंगतीत सांगितलं, केस कापताना सांगितलं, पासबुक भरायला आलेल्या आजोबांना सांगितलं. बरोबरचा एकजण भागलपूरला निघाला तेव्हा त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. मी जात नाहीये हे त्याला नीट दिसावं, एवढाच हेतू. पुढे आमच्याच शाखेतल्या आणखी एकाने प्रमोशन नाकारलं, तेव्हा मात्र माझा जळफळाट झाला. एका शाखेत निरिच्छ माणूस एकच असावा असं माझं मत होतं. त्याने आईच्या आजारपणामुळे नाकारलंय, माझ्यासारखं तत्त्व म्हणून नव्हे, हा खुलासा मी काउंटरोकाउंटरी फिरून केला.

शिवाय मी हेड कॅशिअर होतो. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडे, दुसरी माझ्याकडे. मॅनेजर कितीही वरच्या स्केलचा असो, सकाळी माझी वाट बघत तिजोरीपाशी उभा. मी मुद्दाम उशिरा जात नसे. फक्त चपला जरा सावकाश काढत असे.

आता कॅशचा विषय निघालाच आहे, तर थोडं बोलतो. घरात हा विषय मला बंद आहे. १०० नोटांची गड्डी मोजताना ओल्या स्पंजच्या वाटीत बोट बुडवावं आणि कानाने मोजावं. डोळे हवे असतात फाटकी, चिकटवलेली नोट टिपायला. पूर्वी गड्ड्यांना जाड पिना मारलेल्या असत. त्या उपसताना नखात घुसायच्या. २००१ साली रिझर्व्ह बँकेने पिना बंद करायला सांगितल्या, कागदी पट्ट्या आल्या. नोटांचं आयुष्य वाढावं म्हणून. कॅशिअरच्या बोटांचा त्यात उल्लेख असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. संध्याकाळी कॅश कमी भरली तर पदरचे घालायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जास्त भरली तर? लोकांना वाटतं चंगळ. छे! कमीत निदान नुकसान कुणाचं ते कळतं. जास्तीत कुण्या भाजीवालीचा आज गल्ला बुडाला, ते कळत नाही. पैसे वेगळ्या खात्यात टाकून दुसऱ्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसायचं. कमीही नको, जास्तही नको. ‘फरक निरंक’ लिहून सही ठोकली की त्या दिवसापुरता मी राजा. नोव्हेंबर २०१६मध्ये हजार-पाचशेच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रात्री उशिरा टॅली लागली आणि मॅनेजरसाहेबांनी नि मी एकाच पुड्यातली बिस्किटं खाल्ली. देशाचा हिशेब चुकला की नाही ते अर्थतज्ज्ञ जाणोत, आमचा चुकला नव्हता.

इतक्या सुखी माणसाच्या घरात जिल्हा परिषदेची शिक्षिका होती. तिला मुख्याध्यापिकेची बढती आली, शाळा कोरेगावच्या पलीकडे. तिने घेतली. पहाटे दोन डबे भरून, ओले केस तसेच बांधून ती एसटी पकडायची. घराचे हप्ते तिच्या पगारातून, मुलीची इंजिनिअरिंगची फीसुद्धा. मी संध्याकाळी पंख्याखाली बसून निरिच्छतेवर बोलायचो. एकदा कणीक मळता मळता ती म्हणाली, “अहो, तुम्हाला हाव नाही हे बरंच आहे. पण दोघांनाही नसती तर आज आपण भाड्याच्या घरात असतो.” आवाजात राग नव्हता, कणीक मात्र त्या दिवशी फार चांगली मळली गेली.

तेव्हापासून समाधानावरची व्याख्यानं मला सोसत नाहीत. कायम नोकरी, पेन्शन, स्वतःचं घर असलेला माणूस माइकवरून ‘आहे त्यात सुख माना’ सांगतो, आणि खाली सतरंज्या घालणारा पोरगा कंत्राटी असतो, पगार तीन महिने थकलेला. पोटभर जेवलेल्याने उपासाची थोरवी गाऊ नये. त्या पोराने हाव धरावी. त्याच्या मागे पगार आणणारी मुख्याध्यापिका नाही.

आता आम्ही दोघंही निवृत्त. बँकेतली मूळ पेन्शन निवृत्तीच्या दिवशी जिथे ठरली तिथेच बसून आहे. वाढतो तो महागाई भत्ता. तिची मात्र वेतन आयोगाबरोबर सुधारते. महिन्याच्या सुरुवातीला दोन्ही पासबुकं मीच भरून आणतो आणि सवयीने आकडे एकाखाली एक मांडून वजाबाकी करतो. फरक निरंक येत नाही. मला त्याचं काही म्हणजे काहीच वाटत नाही. हवं तर हिला विचारा. मी तिला रोज सांगतो.